खालचा साक्षीदार

सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि आवाज झाला. खुर्चीचा नव्हता, त्या खुर्चीचे सगळे आवाज मला पाठ आहेत. हा बारीक होता, कोरडा, कुर्र असा, आणि सासूबाईंच्या उजव्या बाजूने, कपड्यांच्या आतून आला होता. मी ओट्यापाशी बशा पुसत उभी होते. त्या टेबलाला धरून तशाच थांबल्या, दारात कुणी आलंय का ते ऐकताना करतात तशी मान किंचित तिरकी करून, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस?"

"कुठे काय?" मी म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की माझं मलाच ते खटकलं. ज्याने खरंच ऐकलेलं नसतं तो आधी थोडा थांबतो, कान देतो. सासूबाईंनी मला जरा न्याहाळलं. "तुझ्या कारखान्यातलं बोलतंय वाटतं," त्या म्हणाल्या, आणि दोन पावलं टाकून, पेन्सिल घेऊन परत शब्दकोड्याला बसल्या. पंख्याखाली वर्तमानपत्र फडफडत होतं, म्हणून त्यावर त्यांनी नेहमीची काळी चकती ठेवली. मी बशी पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

सासूबाईंच्या खुब्यात जो गोळा आहे त्यावरचा काळा थर आमच्याकडे चढतो. मी डॉक्टर नाही, इंजिनियरही नाही. मी तपासनीस आहे. धातूचे घडवलेले गोळे दुसरीकडून येतात, लिंबाएवढे, लख्ख, तोंड दिसेल असे. आम्ही ते धुतो, एका मोठ्या पोलादी पिंपात टांगतो, पिंपातली हवा ओढून घेतो, आणि मग आत सोडलेल्या वायूतला कार्बन तासन्‌तास त्यांच्यावर बसत राहतो. थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ, काळा, गुळगुळीत, नात्याने हिऱ्याचा चुलतभाऊ. कोळसाही त्याच घरातला, पण ओळख करून देताना आम्ही हिऱ्याचंच नाव सांगतो. उघडा धातू घासत राहिला की त्याचे कण सांध्यात सांडतात, रक्तात उतरतात, आजूबाजूचं मांस सुजवतात. कार्बनचं शरीराला तसं वावडं नाही, म्हणून हा थर. सासूबाईंचा खुबा पार निकामी झाला आणि ऑपरेशन ठरलं, तेव्हा कुठला सांधा बसवायचा यावर नवरा आणि डॉक्टर बोलत असताना मीच मध्ये तोंड घातलं होतं. "काळ्या थराचा घ्या ना. आमच्याकडचाच असतो तो. घरचाच म्हणायचा." इतक्या वर्षांत या घरात माझं एखादं म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य झालं असेल तर ते हे. आता त्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं.

आवाजानंतर दोन दिवसांनी मी सासूबाईंच्या ऑपरेशनची फाइल काढली. डॉक्टरांचा नंबर हवाय असं नवऱ्याला सांगितलं, तो नंबर मला तोंडपाठ असताना. सांधा ज्या खोक्यातून येतो त्यावरचं स्टिकर इस्पितळवाले फाइलच्या शेवटच्या पानावर चिकटवतात. त्यावर माप होतं, तारीख होती, आणि अगदी खाली थराचा लॉट नंबर होता. ७१४ब. आकड्यावरून मला काही आठवलं नसतं, वर्षाकाठी कितीतरी लॉट माझ्या हाताखालून जातात. पण हा 'ब' जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो आम्ही काढला. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, पिंप थांबलं, आणि ते न उघडता तसंच पुढे चालू केलं, की त्या लॉटला ब लागतो. खरं तर असा थर पूर्ण उतरवून पहिल्यापासून द्यायला हवा. पण पिंपवाला, म्हणजे ते पिंप चालवणारा आमचा जुना कारागीर, मान हलवायचा. "अगं, झाकण कुठे उघडलं? दूध तापवताना गॅस गेला तर दूध ओतून देतेस का तू?" आणि साक्षीदार ठीक बोलला की ब पण पास व्हायचा.

साक्षीदार म्हणजे दोन सपाट चकत्या, त्याच धातूच्या. एक पिंपात वर टांगायची, एक खाली, मध्ये सगळे गोळे. गोळ्यांवर ओरखडा काढून चालत नाही, ते कुणाच्या तरी अंगात जायचे असतात. म्हणून जे गोळ्यांचं झालं तेच चकत्यांचंही झालं असं धरायचं आणि चकत्यांना छळायचं. हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भाराने त्यांच्यात खुपसायचं, आणि त्या खड्ड्याच्या काठाचा थर मायक्रोस्कोपखाली बघायचा. नुसत्या रेघा फुटलेल्या असल्या तर चालतं. पापुद्रे सुटून काठाला चंद्रकोरी दिसल्या तर अख्खा लॉट बाद. दोघांची साक्ष जुळली पाहिजे असा नियम आहे. ७१४बचा वरचा साक्षीदार ठीक बोलला होता. खालच्याच्या काठाला चंद्रकोरी होत्या.

मी काय केलं ते सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण ती दोन वाक्यं दीड वर्षात मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. खालची चकती मी ॲप्रनच्या खिशात टाकली. तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत वरच्याचाच निकाल लिहिला आणि सही केली. तेव्हा साडेतीन वाजले होते. वेळ इतकी पक्की आठवते, कारण चार वाजता सासूबाईंच्या खुब्याचा एक्स-रे होता, आणि त्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, "तू येशील का बरोबर? तो नको. तो नुसता मोबाइलात डोकं घालून बसतो." मला म्हणाल्या होत्या, लग्नानंतर सोळा वर्षांत पहिल्यांदा. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. पिंपवाल्याला मी दोनदा सांगितलं की आज मला वेळेवर निघायचंय, सासूबाईंनी बोलावलंय. लॉट अडवला असता तर मॅनेजरला बोलवा, कागद भरा, गोळे मोजून लाल पेटीत कुलूपबंद करा, यातच संध्याकाळ झाली असती. चंद्रकोरी बारीकच आहेत, असं मी मनाशी म्हटलं. खाली टांगलेल्याचं थोडं डावं-उजवं व्हायचंच, असंही म्हटलं. चकती कारखान्यात टाकली असती तर मोजणीत सापडली असती, म्हणून ती पर्समधून घरी आणली आणि बटणांच्या डब्यात टाकून दिली. तिथून ती सासूबाईंना सापडली, आवडली, आणि शब्दकोड्यावर येऊन बसली. पण त्या दिवशी चार वाजता यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. एक्स-रेच्या खोलीत जाताना सासूबाईंनी त्यांची पर्स माझ्या मांडीवर ठेवली, "सांभाळ गं" म्हणाल्या, आणि मी ती दोन्ही हातांनी धरून बाकावर बसले होते. मला फार आनंद झाला होता.

कामाला लागले त्या वर्षी एक डॉक्टर आमच्याकडे व्याख्यान द्यायला आले होते. भिंतीवर त्यांनी मोठा तक्ता लावला, त्यावर 'शरीरस्नेही' असं ठळक लिहिलेलं. पिंपवाला मागून म्हणाला, "स्नेही म्हणजे, पाहुणा आला तरी कुणाला उठून चहा टाकावा लागत नाही." सगळे हसले, डॉक्टरही हसले, आणि म्हणाले की अगदी बरोबर. शरीर परक्या वस्तूला आपलं कधी म्हणत नाही. आपण उगाच म्हणतो स्वीकारलं, स्वीकारलं. ते फार तर चालवून घेतं. तिच्याभोवती एक पातळ पडदा विणतं आणि तिला त्या पडद्यात बाजूला ठेवून आपल्या कामाला लागतं. पडदा जितका पातळ, तितकं आपलं काम चांगलं. माझं तेव्हा नवीन लग्न झालं होतं आणि मला खुदकन हसू आलं, कारण तो पडदा मी रोज घरी बघत होते. सासूबाई मला कधी टाकून बोलल्याचं आठवत नाही. आजारी पडले तर औषध उशाशी यायचं, ताप उतरेपर्यंत कामाला हात लावू द्यायच्या नाहीत. फक्त माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज एक पायरी खाली उतरायचा. अर्जदाराशी बोलतात तसा. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं कारकून होत्या त्या. खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नं, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. आमचं लग्नही तिथेच नोंदवलं. साक्षीदार तीन लागत होते आणि दोनच आले होते. तिसरी सही आईची, असं नवऱ्याने धरूनच ठेवलं होतं, त्यांना विचारलंच नव्हतं. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, पर्समध्ये स्वतःचं पेन होतं, आणि म्हणाल्या, "जे मला पटलेलं नाही त्याची साक्ष मी देत नाही. तुम्ही करा लग्न. मी अडवत नाही." शेवटी घराचे कागद न्यायला आलेल्या कुणा अनोळखी माणसाने सही केली. मला त्याचा चेहराही आठवत नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही. पण सगळ्यांसमोर गोड हसून खोटी सही केली असती तर किती सोपं होतं, आणि ते त्यांनी केलं नाही, हेही मला कधी विसरता आलं नाही.

फाइल बघितल्यानंतरचे दिवस मी कानांनी काढले. त्या उठल्या की मी नळ बंद करायचे. जिना उतरायला लागल्या की मागे राहायचे. आवाज रोज यायचा नाही, आणि न आलेला दिवस आलेल्या दिवसापेक्षा वाईट जायचा. सांधा इतर पन्नास कारणांनी वाजतो, हे मला माहीत आहे. मी ती कारणं एक-एक करून मनात लावून बघायचे, पण शेवटी सगळ्यांच्या खाली चंद्रकोरी असायच्या. नवऱ्यासमोर एकदा आवाज झाला तेव्हा तो म्हणाला, "आई, दोन थेंब तेल सोडू का?" आणि सासूबाई हसल्या. मीही हसले. रात्री त्या पायाला मलम चोळायच्या, आताशा जरा जास्त वेळ. आणि त्या एकट्या नव्हत्या. लॉटमध्ये चाळीस गोळे होते. एकोणचाळीस माणसं कुठेतरी उठत होती, बसत होती, जिने चढत होती, आणि मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. बसमध्ये दांड्याला धरून क्षणभर थांबणारी बाई दिसली की ती मला त्यातली वाटायची. सिग्नलला एक म्हातारे गृहस्थ एका पायावर भार देऊन उभे होते, मी त्यांच्या मागून दोन चौक गेले. ते एका औषधाच्या दुकानात शिरले. मी बाहेर उभी राहिले, आणि मला माझीच इतकी शरम वाटली की तिथूनच मागे फिरले.

पिंपवाल्याला मी जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो डबा धूत होता.

"सातशे चौदा ब आठवतो?" मी विचारलं.

"ब म्हणजे बरा," तो म्हणाला. हा त्याचा जुना विनोद.

"थट्टा नको. त्याच्या खालच्या साक्षीदाराचा थर सुटला होता."

त्याने डबा उपडा करून झटकला. "वरचा काय म्हणाला होता?"

"वरचा ठीक."

"मग झालं तर. तक्त्यावर काय आहे?"

"दोन्ही ठीक."

"सही कुणाची?"

"माझी."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी तुला भाऊ म्हणून सांगतो. माझी दोन वर्षं राहिलीत. आणि खाली चकती टांगल्याचंच मला आठवत नाही." तो खोटं बोलत होता की त्याला खरंच आठवत नव्हतं, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्याने जाताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

मला एकच आशा होती. कदाचित त्या दिवशी मी घाईत चुकीचं बघितलं असेल. कदाचित त्या नुसत्या रेघा असतील. दुसऱ्या दिवशी सासूबाई आंघोळीला गेल्यावर मी वर्तमानपत्रावरची चकती उचलली आणि कामावर घेऊन गेले. सगळे जेवायला गेल्यावर ती पुसून मायक्रोस्कोपखाली ठेवली. नजर स्थिर व्हायला वेळ लागला. चंद्रकोरी तिथेच होत्या, पण आता त्या चंद्रकोरी राहिल्या नव्हत्या. एकमेकींना मिळून खड्ड्याभोवती सबंध गोल सुटला होता, आणि त्या गोलाच्या काठापासून एक उसवलेली वाट चकतीच्या कडेपर्यंत गेली होती. दीड वर्ष तिच्यावर कुणी भार टाकला नव्हता, कुणी घासली नव्हती. ती नुसती आमच्या टेबलावर कागदावर पडून होती, आणि तेवढ्यानेही थर सुटतच राहिला होता. सासूबाई तर चालत होत्या. सकाळी बागेला दोन फेऱ्या मारत होत्या, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी त्यांच्या मागे लागत होते, "आई, फिरून या, बरं वाटेल."

"माझी चकती दिसत नाही कुठे," सुट्टीच्या दिवशी दुपारी सासूबाई म्हणाल्या. नवरा बाहेर गेला होता. वर्तमानपत्राची एक बाजू त्यांनी कोपराने दाबून धरली होती.

मी पर्समधून चकती काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर बसले. कुठून सुरुवात केली ते आठवत नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला, आणि माझं बोलून झाल्यावर त्यांच्या कार्यालयातल्या आवाजात एक-एक विचारत गेल्या. कोणती तारीख. खोलीत आणखी कोण होतं. तक्ता कुणाच्या ताब्यात असतो.

"वेळ?"

"साडेतीन."

त्या थांबल्या. "त्या तारखेला चारला तू माझ्याबरोबर होतीस. फोटो काढायला."

"हो."

"म्हणजे मी बोलावलं म्हणून."

"तसं नाही आई. तुम्ही पहिल्यांदाच मला..."

"ते मला सांगू नकोस," त्या एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "ते ओझं माझ्या डोक्यावर घालू नकोस. मी फोटोला बोलावलं होतं तुला, खोटं लिहायला नव्हतं." त्यांचा आवाज माझ्यावर चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. तो पायरी खाली उतरलेला नव्हता. रडू येत असतानाही ते माझ्या लक्षात आलं. "किती जणांना बसवलेत?"

"चाळीस. तुम्ही धरून."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांचा हात आपोआप उजव्या बाजूला गेला होता आणि तिथेच थांबला होता. "मला परत कापतील," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे. "मागच्या वेळी शुद्धीवर यायला किती वेळ लागला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कागद घे."

मी लिहायला बसले. मॅनेजरांच्या नावे, प्रत इस्पितळाला. लॉट क्रमांक घातला, तारीख घातली, आणि लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.' सासूबाईंनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि पेन्सिलीने 'अनवधानाने' खोडलं. मग 'झाली' खोडलं.

"चूक काय आपली आपण होते? गळू आहे का ते? कुणी केली?"

"मी."

"मग तसं लिही. मी केली. चकती लपवली, तेही लिही. कुठे ठेवली, तेही लिही."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल," त्या म्हणाल्या. "आणखीही काही होईल. घरात बोलणी बसतील तुला. तो बोलेल. मीही बोलेन, माझं दुखायला लागलं की. मी काही देवमाणूस नाही."

मी दुसरा कागद घेतला. या वेळी सगळं अर्ध्या पानात मावलं. सही केली तेव्हा अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते वाचलं, एकदा, मग बोट ठेवून परत एकदा. "खाली जागा सोडली नाहीस," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"साक्षीदाराची. लोक उद्या म्हणतील, हिने दडपणाखाली लिहिलं. म्हणतील लिहिलंच नव्हतं. तुमच्याकडे कागद कसे बदलतात ते ऐकलं आत्ता." त्यांनी पर्स मागितली, आतून पेन काढलं. लग्नाच्या दिवशीचंच होतं की दुसरं, मला सांगता येणार नाही. माझ्या सहीच्या खाली, कडेला उरलेल्या बोटभर जागेत, त्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीने बारीक रेघ मारली आणि सही केली. मग वय लिहिलं, पत्ता लिहिला. 'नातं' असं लिहून दोन ठिपके दिले आणि तिथे अडल्या. पेन कागदावर टेकवून बसल्या. मी बघत होते. त्यांनी 'रुग्ण' असं लिहिलं. पेनचं टोपण लावलं, परत काढलं, आणि त्याच्या पुढे 'व सासू' असं लिहिलं.

"तारीख?" मी विचारलं.

"आजचीच घाल. त्या दिवशीची घालून आता चालायचं नाही."

मी तारीख घातली. कागद वाळेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. शाई केव्हाच वाळली होती, पण उठायचं कुणालाच सुचत नव्हतं. मग सासूबाईंनी हात पुढे केला. "उठव मला," त्या म्हणाल्या. ऑपरेशननंतरही त्यांनी कधी माझा हात मागितला नव्हता, वॉकर मागायच्या. मी टेबलाला वळसा घालून गेले, त्यांचा दंड धरला. दंड हलका होता, ऊन लागलेला. त्या उठल्या, भार उजव्या पायावर आला, आणि आवाज झाला.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणाले.